चेहरा आणि नाव : बेलवाडीच्या रिंगणापासून बारामतीच्या सेटलमेंटपर्यंत

१/
आषाढात तुकोबांची पालखी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो, मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला अश्व धावतात. पुढे निमगाव केतकी, इंदापूर, सराटी आणि नीरा ओलांडून अकलूज. या वाटेवर दरवर्षी असंख्य कॅमेरे उभे असतात. सुरकुतलेला चेहरा, कपाळी बुक्का, डोईवर तुळस : हे छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या वृद्धेचे नाव मात्र चित्राखाली क्वचितच असते. ‘वारकरी स्त्री’ एवढेच लिहिलेले असते. चेहरा एका माणसाचा आणि नाव एका समूहाचे, या रीतीला सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

२/
त्या इतिहासात दोन प्रकारची व्यक्तिचित्रे आढळतात. एक प्रकार दुसऱ्याने काढलेला : समोरच्या माणसाला वंश, जात किंवा ‘गुन्हेगार’ या खान्यात बसविण्यासाठी. दुसरा प्रकार माणसाने स्वतः काढून घेतलेला : आपण कोण आहोत हे आपणच सांगण्यासाठी. या दोन प्रकारांतील झगडा मुंबई, पुणे, बारामती, बॉस्टन आणि पॅरिस अशा दूरदूरच्या ठिकाणी जवळजवळ एकाच काळात चालू होता.

३/
कॅमेऱ्याच्या आधी कागद आला. मुंबई इलाख्यातील प्रसिद्ध रयतवारी पाहणीचा आरंभ १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून झाला. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी शेते मोजली, त्यांना क्रमांक दिले, जमिनीची प्रतवारी ठरवून तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. पुढे हीच पद्धत इतर तालुक्यांना लागू झाली. मोजावे, क्रमांक द्यावा, प्रत ठरवावी ही राज्यकारभाराची सवय आधी जमिनीवर रुजली; माणसांवर ती नंतर आली.

४/
कागदाची सत्ता या भागाने चांगली ओळखली होती. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे (आजचा बारामती तालुका) बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या यांवर. ते कागद हिसकावून जाळण्यात आले. हेच दख्खनचे दंगे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. आपल्याविषयी दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या कागदात आपले भविष्य अडकलेले असते, हे सुप्याच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही.

५/
छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. निरनिराळ्या समाजांतील माणसांची छायाचित्रे त्यांनी काढली. म्हणजे कॅमेरा केवळ साहेबाच्या हाती होता असे नव्हे. परंतु त्या चित्रांतून ग्रंथ कोणते व्हावेत आणि चित्राखालचा मजकूर कोणी लिहावा, हे ठरविण्याचा अधिकार बहुतांशी साहेबाकडे होता.

६/
विल्यम जॉन्सन हा मुंबईतील छायाचित्रकार. त्याचा मुंबईतील ‘पौर्वात्य वंश आणि जमाती’ यांवरील ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत लंडनहून निघाला. त्यातील पुष्कळ चित्रे जोडकाम केलेली आहेत. माणसांना एका ठिकाणी उभे करून टिपायचे आणि मागे निराळीच टिपलेली इमारत किंवा देखावा बसवायचा. पाहणाऱ्याला वाटावे की ही माणसे आपापल्या परिसरात उभी आहेत. ‘वंशाचा अस्सल नमुना’ म्हणून जे दाखविले गेले, त्याची पार्श्वभूमीसुद्धा अस्सल नव्हती.

७/
१८५७ नंतर सरकारला प्रजेची ‘ओळख’ अधिक निकडीची वाटू लागली. लॉर्ड कॅनिंगच्या काळात सुरू झालेला छायाचित्रांचा संग्रह फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांच्या संपादनाखाली ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने १८६८ ते १८७५ दरम्यान आठ खंडांत प्रसिद्ध झाला. चारशेहून अधिक छायाचित्रे आणि प्रत्येकासोबत टिपण. अमुक जमात एकनिष्ठ, अमुक कपटी, अमुक चोरीला प्रवृत्त असे निवाडे त्या टिपणांत सहज दिलेले आढळतात. चेहरा पाहून स्वभाव सांगावा आणि स्वभावावरून राजनिष्ठा ठरवावी, असा तो व्यवहार होता.

८/
या ग्रंथाचा डंख काही वाचकांना लगेच जाणवला. १८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान लंडनमध्ये असताना त्यांनी तो इंडिया ऑफिसमध्ये पाहिला. ग्रंथ चाळणाऱ्या त्यांच्या मुलाला एका तरुण इंग्रजाने विचारले की, आपणही हिंदुस्थानीच का? मुलगा संकोचला आणि आपण मूळचे इथले नव्हे, आपले पूर्वज परदेशातून आले, असे उत्तर त्याने दिले. सर सय्यद यांनी ही हकीकत व्यथित होऊन लिहून ठेवली. अपमान झालेल्यानेही त्या उतरंडीतच आपली वरची पायरी शोधावी, ही या घटनेतील अधिक बोचरी बाब.

९/
१८७६-७८ चा दुष्काळ दख्खन आणि मद्रास या दोन्ही भागांवर कोसळला. इंदापूर-बारामतीचा पट्टा पर्जन्यछायेतला. त्याला झळ बसणे अटळ होते. भाटघर धरण आणि नीरेचा डावा कालवा ही त्या दुष्काळानंतरच्या विचाराचीच फळे. मद्रासकडे विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून छायाचित्रे काढली. ‘द पीपल ऑफ इंडिया’लाही त्याची चित्रे गेली होती. माणसे मरत असताना त्यांची मांडणी करणाऱ्या या छायाचित्रकारावर टीका झाली. वेदनेचे चित्र काढणाऱ्याचे त्या माणसाशी नाते काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

१०/
अमेरिकेत हा प्रश्न आणखी उघडा होता. १८५० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासी यांच्यासाठी दक्षिण कॅरोलिनात काही गुलाम स्त्री-पुरुषांना विवस्त्र करून त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. रेन्टी आणि त्याची मुलगी डेलिया ही त्यांतील दोन नावे. गोरे आणि काळे यांचे मूळच वेगवेगळे, हे अगासींना सिद्ध करायचे होते. संमतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ज्याचे शरीर मालकाचे, त्याचे चित्रही मालकाचे.

११/
याच कॅमेऱ्याकडे फ्रेडरिक डग्लस निराळ्या दृष्टीने पाहत होता. गुलामीतून निसटलेला हा वक्ता एकोणिसाव्या शतकातील सर्वाधिक छायाचित्रे काढली गेलेला अमेरिकन मानला जातो. त्याची सुमारे १६० छायाचित्रे ज्ञात आहेत. उत्तम कोट, थेट नजर, आणि ‘आनंदी गुलामा’च्या रूढ प्रतिमेला छेद देणारी गंभीर मुद्रा. यादवी युद्धाच्या काळात त्याने छायाचित्रणावर व्याख्यानेही दिली. सोजर्नर ट्रूथ या पूर्वाश्रमीच्या गुलाम स्त्रीने तर आपली छोटी छायाचित्रे विकून चळवळीचा आणि आपला खर्च भागविला. त्यांचे हक्कही तिने स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले. एकेकाळी जिचा देह विकला गेला होता, तिने आता आपली छाया स्वतःच्या अटींवर विकली.

१२/
पुण्यात याच सुमारास जोतीराव फुले अमेरिकेकडे पाहत होते. १८७३ साली प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. शूद्रातिशूद्रांची दास्यकथा आणि निग्रो गुलामांची कथा त्यांनी एका पुस्तकात शेजारी ठेवली. आर्यांच्या आक्रमणाचा तत्कालीन सिद्धान्तही त्यांनी उलटा वापरला : ज्या कथेच्या आधारे उच्चवर्णीय स्वतःला राज्यकर्त्यांचे दूरचे भाऊ ठरवीत, तीच कथा त्यांनी अन्यायाचा पुरावा म्हणून मांडली.

१३/
२ मार्च १८८८ चा प्रसंग तर जिवंत व्यक्तिचित्रच. राणी व्हिक्टोरियाचा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी होती. दागदागिने ल्यालेल्या पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात आले आणि बोलायला उभे राहिले. समोरच्या श्रीमंतांवरून देशाची कल्पना करू नका; खरी प्रजा खेड्यांत आहे, निरक्षर आहे, गरीब आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. ‘शेतकरी’ हा नमुना म्हणून ग्रंथात छापला जात होता. इथे तो वेष धारण करून उभा राहिलेला माणूस स्वतः बोलत होता.

१४/
१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांची ३६३ छायाचित्रे मांडली. त्यांतील काही संग्रहांना त्यांनी मुद्दाम ‘नमुने’ हेच नाव दिले. आत मात्र विद्यार्थी, सुशिक्षित स्त्रिया, दुकानदार, कुटुंबे होती. नमुना म्हणून पाहायला आलेल्याला माणूस दिसावा, अशी ही योजना. पुढे १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी याच दुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी करावयाच्या अर्जाची प्रत मागितली आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला. दुबॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर धाडले.

१५/
भारतात तोवर चेहऱ्याची मोजपट्टी आली होती. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून जातींची उतरंड वंशाशी जोडली. १९०१ च्या जनगणनेवर या विचाराची छाप आहे. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात ही मोजमापे तपासून या निष्कर्षांना मोठ्या मर्यादा घातल्या. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये जात म्हणजे वंश हे मतच फेटाळले आणि १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मोजमापांचाच आधार घेऊन दाखविले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांना वेगळे वंश मानता येत नाही. मोजणाऱ्यांची पट्टीच त्यांनी मोजणाऱ्यांविरुद्ध धरली.

१६/
इरावती कर्वे यांची कथा येथे जोडून पाहावी. १९२७ ते १९३० या काळात त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. हे गृहस्थ पुढे नाझी वंशविचाराचे मोठे आधार ठरले. मानवी कवट्यांची असमानता हा कर्व्यांचा विषय. युरोपीय श्रेष्ठतेला पोषक निष्कर्ष गुरूंना अपेक्षित होता. कर्व्यांच्या मोजमापांतून तो निघाला नाही आणि त्यांनी तसे लिहिले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनीही मोजमापे चालूच ठेवली, हे खरे. पण त्याच कर्व्यांनी वारीत चालून, एका दिंडीत चालणाऱ्या स्त्रिया जातीनुसार वेगळ्या पंगतीला बसतात हे अस्वस्थ होऊन नोंदविले. ही गोष्ट पट्टीने मोजता येत नव्हती. सोबत चालल्यावरच दिसत होती.

१७/
आता बारामती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून घोषित झाली की तिच्यातील माणसांची नोंद, बोटांचे ठसे, हजेरी आणि परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी. जन्म हाच आरोप. नोंदलेल्यांना तारेच्या कुंपणातील वसाहतीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, ठेवण्याची आणि मुलांना आईबापांपासून दूर ठेवण्याचीही तरतूद कायद्यात होती. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग यांच्याबरोबर सेटलमेंटच्या यादीत बारामतीचेही नाव होते.

१८/
‘द पीपल ऑफ इंडिया’तील टिपण आणि सेटलमेंटचे दप्तर यांत थेट वारसा आहे. टिपणाने म्हटले की अमुक जमात चोरीला प्रवृत्त आहे. कायद्याने तेच वाक्य अंमलात आणले. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट ही नावे माणसांच्या आधी पोलीस दप्तरात पोहोचली. सुप्याचा शेतकरी कर्जरोखा जाळू शकला. बोटाचा ठसा जाळण्याची सोय नव्हती.

१९/
३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर हा कायदा रद्द झाला आणि ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. तो व्यक्तीला उद्देशून असला तरी व्यवहारात संशयाची सुई जुन्याच वस्त्यांकडे वळत राहिली. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने असे कायदे रद्द करावेत अशी शिफारस भारताला केली. जात हा वंशभेदाचा प्रश्न नव्हे, ही भारत सरकारची भूमिका. २००१ च्या डर्बन परिषदेतही हाच वाद गाजला होता. आंबेडकरांनी जात आणि वंश वेगळे केले हे खरे, परंतु दोन अन्याय एकमेकांना ओळखू शकतात, हे दुबॉइस यांना लिहून त्यांनीच दाखविले.

२०/
जून १९९८ मध्ये बारामती भागातील एका पारधी मजुराचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन सबर या तरुणाचा असाच अंत झाला होता आणि महाश्वेता देवी, गणेश देवी, लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारली होती. बारामतीची घटना दिलीप डिसोझा यांनी विमुक्तांवरील आपल्या पुस्तकात नोंदविली आहे. तोवर कायदा रद्द होऊन ४६ वर्षे लोटली होती. चेहऱ्यावर चिकटविलेले टिपण मात्र निघाले नव्हते.

२१/
उत्तर वस्त्यांतूनच आले, आणि ते प्रथम शब्दांतून आले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांनाही साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘उचल्या’ हा शिक्का लेखकाने स्वतः ग्रंथाचे नाव म्हणून उचलला. दुबॉइस यांच्या ‘नमुने’ या नावामागची युक्तीच मराठीत पुन्हा अवतरली. घराघरांतील आंबेडकरांचे सुटातील छायाचित्रही याच परंपरेचे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले होते की, जात ओळखू यावी असा पेहराव आणि दागिने टाकून द्या. आपण कसे दिसावे हे ठरविणे हाही हक्क आहे, हा त्यामागचा विचार.

२२/
छायाचित्रांतही ही वाट आहे. १९४२ मध्ये गॉर्डन पार्क्स यांनी वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना राष्ट्रध्वजासमोर झाडू घेऊन उभे केले. त्याआधी त्यांनी तिची कहाणी ऐकली आणि नंतर तिच्या घरी, तिच्या प्रार्थनास्थळी जाऊन चित्रे घेतली. अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांसोबत दीर्घकाळ राहून त्यांचे काम आणि त्यांची घरे टिपली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पार्क्स आणि ओलवे या दोघांच्याही कामात वेळ दिलेला दिसतो, आणि माणूस आपली कथा घेऊन समोर येतो.

२३/
रेन्टी आणि डेलियाच्या चित्रांचे पुढे काय झाले? आपण त्यांच्या वंशज आहोत असे सांगत एका स्त्रीने २०१९ मध्ये हार्वर्डविरुद्ध दावा लावला. बरीच वर्षे झगडा चालला आणि २०२५ मध्ये ती चित्रे दक्षिण कॅरोलिनातील आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाकडे सोपविण्यास विद्यापीठ तयार झाले. चित्र कोणाचे, याचे उत्तर १७५ वर्षांनी बदलले.

२४/
बेलवाडीच्या रिंगणाकडे परत येताना कोणत्याही जुन्या-नव्या व्यक्तिचित्राला चार प्रश्न विचारता येतात. चित्र कोणी आणि कशासाठी काढले? समोरच्याला नकार देता आला असता का? चित्राखालचे शब्द कोणाचे? ते चित्र आज कोणाकडे आहे? यांची उत्तरे शोधली की संग्रहालयातील नमुनाही हळूहळू माणूस होऊ लागतो. पुढल्या आषाढात तुळस घेतलेल्या आजीसमोर कॅमेरा धरणाऱ्याला तर पाचवा प्रश्नही सुचू शकतो, आणि तो सर्वांत सोपा आहे : “माउली, नाव काय तुमचं?”